नाकापेक्षा मोती जड

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या हिशेबाने तिचे आयुष्य संपले. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या आणि हजारो चालकांच्या चुली पेटत्या ठेवणाऱ्या या गाडीला कायद्याने भंगाराचा रस्ता दाखविला. त्याआधी दोनच वर्षे, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने दुसऱ्या एका जातीच्या जुन्या मोटारीसाठी निराळे दार उघडून ठेवले होते. ५० वर्षांहून अधिक वयाची आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ ठरविण्यात आली. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो, २० हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि भंगार धोरणाची झळ तिला लागत नाही. वीस वर्षांची टॅक्सी म्हातारी आणि सत्तर वर्षांची कॅडिलॅक मात्र वारसा, असा हा न्याय आहे.

या भेदाला कारण नाही असे नाही. टॅक्सी रात्रंदिवस धावते, धूर सोडते, उतारूंचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. व्हिंटेज मोटार नियमाप्रमाणे प्रदर्शनाला, मिरवणुकीला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर आणता येते. जुन्या यंत्राचे जतन करणे हा गुन्हाही नव्हे. यंत्रे ही माणसाच्या श्रमाची आणि बुद्धीची स्मारकेच असतात. तेव्हा मोटारीचे वय हा येथे वादाचा विषय नाही. वादाचा विषय आहे तो तिच्या पुढच्या-मागच्या बंपरावरची चकाकी, आणि ती चकाकी पुन्हा पुन्हा चढविताना कुणाच्या देहातून काय खर्ची पडते हा प्रश्न.

उमापूरचा संबंध काय?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात हा विषय काढला तर प्रथम हसू होईल. ज्या तालुक्याला दुष्काळात टँकरची वाट पाहावी लागते, ज्या पंचक्रोशीतून दसरा-दिवाळी उलटली की उसाच्या फडाकडे कोयते निघतात, तेथे श्रीमंतांच्या जुन्या मोटारींच्या बंपराची चिंता कुणी करावी? परंतु हा हिशेब उमापूरकडूनच तपासला पाहिजे. कारण त्याची वसुली अखेर अशाच गावांतून होते.

जुनी गोष्ट आधी. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याच्या रयतेने भरलेला सारा ज्या तिजोरीत गेला, त्या दरबाराची एक मोटार आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात प्रेक्षणीय वस्तू म्हणून उभी आहे. सहाव्या निजामाने मागविलेली आणि सातव्याच्या ताब्यात आलेली १९१२ ची ती पिवळी रोल्स-रॉइस. आत सिंहासनासारखे आसन, आणि उभ्या आयुष्यात ती धावली ती अगदीच थोडी. संस्थाने गेली. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले. मोटारी मात्र राहिल्या. काही राजघराण्यांकडे राहिल्या, काही उद्योगपतींच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या गॅरेजांत गेल्या. त्यांच्यात पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी मोटारींची भर पडली, आणि आता पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडर यांनाही हौशी मालक मिळू लागले आहेत.

आताची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्याला फडात जायचे नसते तो उमापूरचा, चकलांब्याचा किंवा शिरूरचा तरुण वाळूज, भोसरी, चाकण नाहीतर थेट मुंबई गाठतो. तेथे त्याला कायम नोकरी मिळत नाही, ठेकेदार मिळतो. फडावर मुकादमाची उचल असते, शहरात ठेकेदाराची हजेरी असते. कारखान्याच्या फाटकातून ज्याला आत जाता येत नाही, त्याला गल्लीतले छोटे वर्कशॉप आत घेते. तेथे फारसे कसब विचारत नाहीत. तेजाबाचा वास सहन होतो का एवढेच पाहतात. बफिंगची मोटर, प्लेटिंगची टाकी आणि धुण्याचे पाणी ही अशा तरुणाची नवी शेती होते.

चकाकीचे शास्त्र

जुन्या बंपरावर नव्याने क्रोम चढविणे म्हणजे रंगाचा हात मारण्याइतके सोपे काम नव्हे. बंपर प्रथम उतरवितात. जुने क्रोम मिठाच्या तेजाबात विरघळवितात. त्याखालचे निकेल गंधकाच्या तेजाबात उलटा वीजप्रवाह सोडून काढतात. मग उघड्या पोलादावरचे पोचे हातोडीने ठोकून काढायचे, गंजाचे खड्डे घासायचे, एमरीच्या चाकावर पृष्ठभाग सारखा करायचा. त्यावर तांब्याचा थर द्यायचा. पोलादावरच्या या पहिल्या थरासाठी बहुधा सायनाइडयुक्त द्रावण वापरतात. तांबे पुन्हा घासायचे, म्हणजे राहिलेले बारीक खड्डे बुजतात. मग निकेल, आणि अगदी शेवटी काही मिनिटे क्रोमिक आम्लाच्या लालभडक टाकीत बुडी.

हौशी मालकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चांगल्या कामात निकेलचा थर २० ते ३० मायक्रॉन असतो, तर क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या क्रोमच्या नावाने एवढा गाजावाजा होतो, ते केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही जाड नसते. आरशासारखी दिसणारी चकाकी घासलेल्या तांब्याची आणि निकेलची असते. क्रोम तिला केवळ काळवंडू देत नाही आणि एक निळसर छटा देते. याचा सरळ अर्थ असा की, प्रदर्शनात परीक्षक ज्याला गुण देतात ते तासन्‌तास बफिंगच्या चाकापुढे वाकून बसलेल्या कामगाराचे मनगट असते. त्याचे नाव मोटारीच्या शेजारी लावलेल्या पाटीवर कधी नसते. पाटीवर मालकाचे नाव असते, मोटारीच्या घराण्याचे नाव असते, अश्वशक्तीचा आकडा असतो.

आणि या सर्व क्रमात सर्वांत पातळ असलेला थरच सर्वांत विषारी असतो. क्रोमच्या टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. वीजप्रवाह सोडला की त्यातला दहा ते वीस टक्के भागच मुलामा चढविण्याच्या कामी येतो. उरलेला बहुतेक सारा हायड्रोजनचे बुडबुडे निर्माण करण्यात जातो. हे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितो. टाकीवर धुके जमते. हवा खेचून घेणारी व्यवस्था नसेल, तर ते धुके खेचून घेणारे यंत्र एकच उरते आणि ते म्हणजे टाकीवर वाकलेल्या माणसाची छाती.

नाकाचा हिशेब

‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण मराठीत अवास्तव थाटाला उद्देशून वापरतात. क्रोमच्या टाकीपाशी ती शब्दशः खरी ठरते. षट्‌संयुजी क्रोमियमचे तुषार प्रथम नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतात. तेथे व्रण होतो. तो फारसा दुखत नाही, हेच त्याचे कपट. कामगाराला वाटते सर्दी आहे, खपली धरते, अधूनमधून रक्त येते. काही काळाने पडद्याला आरपार भोक पडते आणि कित्येकदा ते त्याला समजतही नाही. हाताच्या पेरांवर, नखांच्या मुळाशी खोल जखमा होतात; त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. निकेलच्या द्रावणाने त्वचेला खाज सुटते ती निराळीच. आणि या सर्वांच्या पाठीमागे, वर्षानुवर्षे न दिसणारा, फुप्फुसाचा कर्करोग उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली षट्‌संयुजी क्रोमियमला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

हे अज्ञानातून घडते असा बचाव कुणी करू नये. क्रोमच्या व्रणांचे वर्णन ग्लासगोच्या वैद्याने १८२७ सालीच करून ठेवले होते. क्रोमच्या मुलाम्याची व्यापारी पद्धत अमेरिकेत १९२४ च्या सुमारास सिद्ध झाली; १९२८ मध्ये तेथील सरकारी आरोग्य खात्याने मुलामा चढविणाऱ्या कामगारांची नाके तपासून व्रण आणि भोके नोंदविली; १९३१ मध्ये इंग्लंडने या धंद्यापुरते स्वतंत्र नियम केले. म्हणजे मोटारीवर क्रोम आले आणि त्याचे दुष्परिणामही पाठोपाठ कागदावर आले. अनेक व्हिंटेज मोटारींच्या जन्माआधीच हे सत्य छापून झाले होते. मोटारीचा मूळ रंग कोणता, मूळ शिलाई कोणती, हे शोधण्यासाठी जुनी कागदपत्रे धुंडाळणाऱ्यांना हीही कागदपत्रे सापडायला हरकत नव्हती.

बीड जिल्ह्याला देहाने किंमत मोजणे नवीन नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये, मजुरी बुडू नये, यासाठी बाईने आपले शरीर कापून घ्यावे अशी ती व्यवस्था होती. तो आकडा बाहेर आला, कारण ओरड झाली आणि मोजणी झाली. प्लेटिंगच्या टाकीवरून परतलेल्या नाकांची मोजणी करण्यासाठी मात्र कुणी गावात येत नाही. शिवाय कर्करोग पंधरा-वीस वर्षांनी दिसतो. तोवर कामगाराचे काम सुटलेले असते आणि तो गावी आलेला असतो. केसपेपरवर ‘शेतमजूर’ असे लिहिले जाते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात सांगून ठेवले होते की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न विचारावा. तीन शतके उलटली. आपल्या केसपेपरवर त्या प्रश्नाचे मोल अद्याप ओळखलेले नाही. चकाकी मुंबईत राहते आणि रोग उमापूरला परततो, तो असा.

एक लिटर आणि २६० टँकर

नाकातून सुटलेले विष पाण्यात जाते. प्रत्येक बुडीनंतर बंपर धुतला जातो आणि धुण्याचे ते पिवळे पाणी कुठेतरी जावेच लागते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम चालत नाही. टाकीतल्या एका लिटरमधल्या २५० ग्रॅम क्रोमिक आम्लात सुमारे १३० ग्रॅम क्रोमियम असते. ते या मर्यादेपर्यंत विरळ करायचे झाले तर २६ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. १० हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे २६० टँकर होतात. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या गेवराई तालुक्यातल्या बाईला हा हिशेब सांगितला, तर टाकीतला एक लिटर गटारात ओतणे म्हणजे काय हे तिला कुणा तज्ज्ञापेक्षा लवकर समजेल.

तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची रसायने बनविणारा कारखाना बंद पडून कित्येक वर्षे लोटली, तरी मागे राहिलेल्या कचऱ्याच्या ढिगाने तेथील भूजल नासवणे थांबविले नाही. ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यात, जेथून देशातले जवळजवळ सगळे क्रोमाइट खनिज निघते, तेथील आदिवासी आणि खाणकामगार याच धातूचे पाणी पीत आले आहेत. खाणीपासून बंपरापर्यंतच्या या साखळीत प्रत्येक दुव्यावर एक गरीब माणूस उभा आहे आणि केवळ शेवटच्या टोकाला एक हौशी मालक.

कायद्याची चाळण

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने क्रोमचे व्रण हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविला. भोपाळच्या संहारानंतर १९८७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोकादायक प्रक्रियांच्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंगचे नाव आले. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा या रोगाला धंद्यातला रोग मानत आला. कागदावर कामगाराचे नाक पुरेपूर सुरक्षित आहे.

मेख आहे ती संख्येत. १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले म्हणजे तिला कारखाना मानत होता. चार-सहा माणसांचे प्लेटिंगचे वर्कशॉप त्या चाळणीतून खाली पडत होते. आणि जेथे बारा होते तेथे हजेरीपटावर नऊच ठेवण्याची युक्ती कुणाला शिकवावी लागत नव्हती. २०२० च्या संहितेने चाळणीचे भोक आणखी मोठे केले. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतला दहाचा आकडा वीसवर नेण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अंमलात आली आहे. धोकादायक काम असेल तर एका कामगाराच्या जागेलाही कायदा लावण्याचा अधिकार याच संहितेने सरकारला दिला आहे, हे खरे. परंतु अधिकार असणे आणि तो वापरणे यांत उमापूर ते मुंबई एवढे अंतर असते. आम्लाचे धुके टाकीभोवती किती माणसे उभी आहेत हे मोजून उठत नाही. एकट्या माणसाच्या नाकालाही ते तेवढेच भोक पाडते.

बचावाचे तीन मुद्दे

या हौसेच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला मुद्दा वारशाचा. मोटार मूळ स्वरूपात राखायची तर बंपरावर मूळचेच क्रोम हवे, असे म्हणतात. पण हा युक्तिवाद स्वतःच्याच कसोटीवर टिकत नाही. विसाच्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या मोटारींवर क्रोम नव्हतेच. तेथे निकेल असे, पितळ असे. अशा मोटारींवर क्रोम चढविणे हा वारशाचा विपर्यास आहे. नंतरच्या मोटारींबाबत बोलायचे तर त्रिसंयुजी क्रोमियमची, कितीतरी कमी घातक असलेली पद्धत १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. तिच्यावर आक्षेप काय, तर तिची छटा किंचित वेगळी दिसते. एका छटेच्या फरकासाठी माणसाच्या नाकाचा पडदा पणाला लावणे याला रसिकता म्हणायचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ नव्याने ठरवावा लागेल. युरोपीय संघाने क्रोमिक आम्लाचा वापर २१ सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीखेरीज बंद केला. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम करून सजावटीच्या मुलाम्यासाठी षट्‌संयुजी क्रोमला १ जानेवारी २०२७ पासून मनाई ठरविली. पर्यायी पद्धतीसाठी जागेत बदल करणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत दिली. कॅडिलॅकच्या देशात जे निषिद्ध ठरत आहे, ते कॅडिलॅकच्या भारतीय मालकाला अपरिहार्य वाटावे हे विलक्षण आहे. धोका असा की, तेथले बंद पडलेले काम स्वस्त मजुरीच्या आणि सैल कायद्याच्या देशांकडे वाहत येईल आणि त्याला निर्यातीचा विजय म्हणून हार घातले जातील.

दुसरा मुद्दा रोजगाराचा. हे काम बंद झाले तर गरीब पोरांनी खायचे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि मालक स्वार्थापोटी विचारतात म्हणून तो खोटा ठरत नाही. निरीक्षकाने येऊन टाळे ठोकले की पहिली उपासमार कामगाराची होते. म्हणूनच कित्येकदा कामगारच जखमेचा हात पाठीमागे लपवितो. टाळे हे उत्तर नव्हेच. टाकीच्या काठावर हवा खेचणारे झडप, तुषार दाबणारे रसायन, हातमोजे, धुण्याचे पाणी शुद्ध करणारे सामायिक केंद्र आणि पर्यायी द्रावणासाठी कर्ज, एवढ्या गोष्टी झाल्या तर तेच वर्कशॉप त्याच माणसांना घेऊन चालू शकते. मोठ्या उद्योगांसाठी वसाहतींतून सामायिक सांडपाणी केंद्रे उभी करणाऱ्या सरकारला गल्लीतल्या प्लेटिंगवाल्यांसाठी ते करणे अशक्य नाही. खर्च वाढेल, आणि तो बंपर घेऊन येणाऱ्याने द्यावा.

तिसरा मुद्दा प्रमाणाचा. नळाच्या तोट्यांपासून मोटारसायकलींपर्यंत क्रोमचा खप प्रचंड आहे. हौशी मोटारींचे बंपर त्यात चिमूटभर. मग त्यांच्याच मागे का लागावे? उत्तर असे की, हा चिमूटभर धंदाच खरी कसोटी आहे. दोनशे रुपयांची तोटी बनविणारा म्हणू शकतो की, सुरक्षेचा खर्च माल महाग करील आणि गिऱ्हाईक पळेल. त्याचे म्हणणे चूक असले तरी समजू शकते. येथे गिऱ्हाईक पळणार नसते. एका मोटारीवर लाखो रुपये ओतणारा, परदेशातून एकेक बोल्ट मागविणारा, रंगाच्या एका ठिपक्यासाठी दोनदा काम करून घेणारा हा ग्राहक आहे. पैशाची अडचण हे कारण त्याच्याजवळ नाही. तरीही त्याच्या बिलात कामगाराच्या नाकाची किंमत नसेल, तर ती कुणाच्याच बिलात कधी येणार नाही. जेथे सर्वांत सहज देता येते तेथेच दिले जात नाही, याचा अर्थ अडचण पैशाची नसून नजरेची आहे. त्या नजरेला बंपरात स्वतःचे प्रतिबिंब दिसते. मागे उभा असलेला माणूस दिसत नाही.

कल्हई आणि मुलामा

खेड्यापाड्यांना धातूवर थर चढविण्याची कला अपरिचित नाही. कल्हईवाला गावात येई, झाडाखाली भाता लावी, भांडे तापवून नवसागर टाकी आणि कथलाचा हात फिरवी. पांढरा धूर उठे आणि भांडे चांदीसारखे होई. त्यालाही धुराचा त्रास होताच. त्याचेही आयुष्य सुखाचे नव्हते. पण त्या थराला प्रयोजन होते. तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी-ताक कळकू नये, घरच्यांच्या पोटात विष जाऊ नये, यासाठी तो थर होता. काम चारचौघांसमोर होई आणि करणाऱ्याला गाव ओळखीत असे. आजच्या मुलाम्याचे सारेच उलट आहे. विष टाळण्यासाठी पूर्वी थर दिला जाई. आता थर देण्यासाठी विष घेतले जाते. काम पत्र्याच्या बंद शेडमध्ये होते आणि करणारा अनामिक असतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून खोट्या डौलाला हसणाऱ्या भाषेला या डौलापुढे हसूही फुटू नये, अशी ही स्थिती आहे.

करावयाचे काय?

मागण्या साध्या आहेत, आणि त्यांपैकी एकही क्रांतीची वाट पाहत थांबणारी नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या प्रत्येक जागेला, तेथे एक कामगार असो वा एकोणीस, सुरक्षा संहिता लागू असल्याची अधिसूचना काढावी. ‘व्हीए’ नोंदणी देताना आणि दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करताना, मुलाम्याचे काम प्रदूषण मंडळाची संमती असलेल्या आणि टाकीवर हवा खेचण्याची व्यवस्था असलेल्या ठिकाणीच करून घेतल्याचा दाखला मालकाकडून घ्यावा. ज्या सरकारला मोटारीचे मूळपण तपासायला समिती नेमता येते, त्याला एवढा कागद मागता येईल. प्रदर्शने भरविणाऱ्या संस्थांनी त्रिसंयुजी क्रोमला गुण कापण्याची प्रथा असेल तेथे ती बंद करावी आणि कारागिराचे नाव पाटीवर लिहावे. टाकीवर काम करणाऱ्याच्या नाकाची आणि हातांची नियमित तपासणी व्हावी आणि तपासणीचा कागद त्याच्याच हाती राहावा, म्हणजे ठेकेदार बदलला तरी पुरावा बदलणार नाही.

यातले बरेचसे मुंबईत ठरेल. पण एक काम गेवराई तालुक्यातच होऊ शकते. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला बाहेर गेलेली पोरे घरी येतात. कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत गावनिहाय यादी करावी : कोण कुठे गेला, कोणत्या टाकीवर, कोणत्या चाकावर, किती वर्षे. ज्यांच्या नाकातून रक्त येते, ज्यांच्या पेरांवरची जखम भरत नाही, त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावे आणि केसपेपरवर धंद्याचा रकाना भरून घेतल्याखेरीज परतू नये. ऊसतोड भगिनींचा आकडा मोजला गेला म्हणून विधिमंडळाला तो ऐकावा लागला. नाकांचाही आकडा मोजला गेला पाहिजे. तो एकदा कागदावर आला की, बंपराची चकाकी कुणाच्या खर्चाने येते हे मालकालाही सांगता येईल आणि सरकारलाही.